एका बादलीचा हिशोब



मागच्या महिन्यात डेहराडूनहून एका काकूंचा निरोप आला. मूळच्या साताऱ्याच्या. यजमान सैन्यातून निवृत्त झाले आणि दोघं तिथेच राहिले. काकू लिहितात, "ह्यांना दम्याचा त्रास आहे, त्यामुळे थंडीत खोली गरम ठेवावीच लागते. आमच्याकडे ब्लोअर आहे, पण बिल बघून धडकी भरते. शेजारी म्हणतात, ऑइल हीटर घ्या, तो वीज खात नाही. मुलगा म्हणतो, गरम-थंड दोन्ही करणारा एसी घ्या. दुकानदार गॅसचा हीटर दाखवतो. आणि कामाला येणारी बाई म्हणते, माईजी, कोळशाची अंगीठी लावा, रात्र स्वस्तात निघते. तुम्हीच सांगा, काय करू?"

उत्तर मी त्यांना फोनवर दिलं. पण तसाच प्रश्न इंदूरहून, बडोद्याहून, गुरुग्रामहूनही येत असतो, कधी गिझरबद्दल, कधी कूलरबद्दल. नुसतं "हे घ्या, ते नको" असं सांगितलं, तर पुढच्या वर्षी भाव बदलले की माझं उत्तर शिळं. म्हणून आज हिशोबाची रीतच मांडतो. माझं सगळं नोकरीचं आयुष्य बॉयलर आणि चिलर यांच्यात गेलं, त्यामुळे हा विषय निघाला की मी जरा लांबतो, ते सांभाळून घ्या. एक कागद आणि पेन्सिल जवळ ठेवा.

अडचण कुठे आहे बघा. मेथी जुडीने मिळते, बटाटे किलोने, केळी डझनाने. तीन वस्तूंतली स्वस्त कोणती, हे नुसत्या भावावरून कोणी सांगू शकत नाही. इंधनाचं तेच आहे. गॅस सिलिंडरने येतो, पाइपचा गॅस घनमीटरने, लाकूड किलोने, डिझेल लिटरने आणि वीज युनिटने. पण आपण विकत काय घेतो? उष्णता. मग सगळ्यांचा भाव उष्णतेत काढायला हवा. माप मी विजेचंच घेतो, कारण युनिट हा शब्द घराघरात माहीत आहे. एक किलोवॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट. त्या एका युनिटातून ८६० किलोकॅलरी उष्णता मिळते. एक किलोकॅलरी म्हणजे एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला लागणारी उष्णता. शाळेत शिकलेलं आहे, फक्त धूळ झटकायची.

आता एक बादली घ्या. २० लिटर पाणी. दिल्लीच्या थंडीत नळाचं पाणी साधारण १५ अंशांचं असतं, अंघोळीला ४० अंश पुरे. म्हणजे २५ अंश वाढ. वीस गुणिले पंचवीस, ५०० किलोकॅलरी. भागिले ८६०, म्हणजे ०.५८ युनिट. एका बादलीला अर्ध्या युनिटाहून थोडी जास्त उष्णता. हा आकडा कागदावर वर लिहून ठेवा, आज आपण याच बादलीने सगळी इंधनं मोजणार आहोत.

विजेचा दर ८ रुपये धरू. पाण्यात सोडायच्या रॉडने तापवलं तर जवळजवळ सगळी उष्णता पाण्यातच जाते. ०.५८ गुणिले ८, म्हणजे ४ रुपये ६५ पैसे.

गॅस. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, आणि एका किलोत सुमारे ११,००० किलोकॅलरी. गुणाकार केला आणि ८६० ने भागलं की जवळपास १८२ युनिट येतात. म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातल्या त्या लाल टाकीत १८२ युनिट उष्णता बंद करून ठेवलेली आहे. सिलिंडर ९०० रुपयांना धरला तर एका युनिटला ५ रुपये पडले. वीज ८, गॅस ५. गॅस स्वस्त, संपला विषय?

नाही ना. शेगडीवर पातेलं ठेवलं की ज्वाळा पातेल्याच्या कडेने वर निघून जाते. हात लावून बघू नका, पण पातेल्याच्या बाजूची हवा किती तापलेली असते हे माहीत आहेच. चांगल्या शेगडीची कार्यक्षमता किमान ६८ टक्के असावी असं भारतीय मानक आहे. घरात, बर्नर थोडा बुजलेला, पातेलं छोटं, अशा स्थितीत ६५ टक्के धरू. मग पाण्यात पोहोचलेलं एक युनिट ५ रुपयांना नाही, ७ रुपये ७० पैशांना पडलं. बादली ४ रुपये ४५ पैशांना. विजेच्या बादलीत आणि गॅसच्या बादलीत फरक उरला २० पैशांचा. त्यात पाच मिनिटं गॅस जास्त राहिला की तोही गेला.

इथे एक सोपा ठोकताळा देतो. सिलिंडरच्या भावाला ११८ ने भागा. १८२ युनिटांपैकी शेगडीवर पदरात पडतात तेवढीच ही ११८. ९०० भागिले ११८ म्हणजे ७ रुपये ६० पैसे. तुमची वीज याहून स्वस्त असेल तर रॉड स्वस्त, महाग असेल तर शेगडी स्वस्त. गॅस गिझर असेल तर पाणी नळीतून थेट ज्वाळेवरून फिरतं, तिथे ८० टक्के धरून १४५ ने भागा. आणि पाइपचा गॅस असेल तर एका घनमीटरमध्ये साधारण १० युनिट, म्हणून शेगडीसाठी घनमीटरच्या भावाला साडेसहाने भागा. भाव उद्या कितीही बदलू देत, हे भाजक बदलत नाहीत.

आता विजेचा दर "८ रुपये" म्हणालो, तो कुठला? इथे बहुतेक जण चुकतात, आणि चांगले शिकलेले लोक चुकतात. ते बिलाची एकूण रक्कम घेतात, एकूण युनिटांनी भागतात आणि म्हणतात, मला साडेसहाने पडते. तसं नाही. आपल्याकडे विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. पहिली काही युनिटं स्वस्त, पुढची महाग, त्यापुढची आणखी महाग. दिवे, पंखा, फ्रिज हे तर चालणारच आहेत, त्यांनी खालचे टप्पे आधीच भरून टाकलेले असतात. तुम्ही नव्याने जो हीटर किंवा एसी लावणार, त्याचं प्रत्येक युनिट सगळ्यात वरच्या टप्प्यात जाऊन बसतं. म्हणून बिल उलटून बघा, तुमच्या शेवटच्या युनिटाचा दर काय आहे, त्यात इंधन अधिभार आणि वीज शुल्क मिळवा. तो खरा दर. स्थिर आकार यात धरू नका, कारण हीटर लावला नाही तरी तो द्यावाच लागतो.

यामुळे एकाच गावात, एकाच मजल्यावर दोन घरांची उत्तरं वेगळी येतात. ज्याचं शेवटचं युनिट ४ रुपयांना पडतं त्याची बादली विजेवर २ रुपये ३० पैशांत तापते. ज्याचं ११ रुपयांना पडतं त्याला तीच बादली ६ रुपये ४० पैशांना. दोघंही छातीठोकपणे सांगतात की आपलंच बरोबर, आणि दोघंही बरोबर असतात. ज्या राज्यांत ठरावीक युनिटांपर्यंत बिल माफ आहे तिथे तर आणखी गंमत. दिल्लीत २०० युनिटांपर्यंत बिल शून्य. एका युनिटाने जास्त झालं की सवलतीचा पाया सरकतो. तिथे रोजची एक बादली कोणत्या इंधनावर तापते यावर सगळं बिल हलू शकतं. जानेवारीत मीटर बघत बसणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांना हसू नका.

गुरुग्राम-नोएडावाल्यांसाठी एक वाक्य. सोसायटीचा जनरेटर चालू असताना गिझर लावू नका. एक लिटर डिझेलात १० युनिट उष्णता असते, पण त्यातून वीज मिळते साधारण ३ युनिट. डिझेल ९० रुपये धरलं तर युनिट ३० रुपयांना आणि बादली सतरा रुपयांच्या वर.

लाकडाकडे येऊ. आमच्या लहानपणी मागच्या अंगणात तांब्याचा बंब होता. आजोबा पहाटे ढलप्या, गोवऱ्या, नारळाच्या करवंट्या घालून तो पेटवायचे आणि सगळं घर त्यावर अंघोळ करायचं. खर्च शून्य, असं आम्ही समजत होतो. आता विकतच्या लाकडाचा हिशोब करू. वाळलेल्या एका किलो लाकडात ३,६०० किलोकॅलरी धरू, म्हणजे ४.२ युनिट. १० रुपये किलोने युनिट २ रुपये ४० पैशांना पडतं. गॅसच्या निम्मं! पण तीन दगडांच्या चुलीवर पातेलं ठेवलं तर पाण्यात जाते जेमतेम १२ टक्के उष्णता. बाकी धूर, राख, आणि तापलेलं अंगण. मग पदरात पडलेलं युनिट २० रुपयांना आणि बादली साडेअकरा रुपयांना. आज आपण मोजलेल्या इंधनांत सगळ्यात महाग बादल्यांपैकी एक, गरिबाच्या दारात. सुधारित चूल असेल, २५ टक्के देणारी, तर साडेपाच रुपये. आणि लाकूड ओलं असेल तर काही विचारू नका. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्मं पाणीच असतं. उष्णता आधी ते पाणी उडवण्यात जाते आणि किलोमागे मिळकत निम्म्यावर येते.

बंब चुलीपेक्षा बरा, कारण त्याचं धुराडं पाण्याच्या मधून जातं. धूर बाहेर पडण्याआधी आपली उष्णता चारी बाजूंच्या पाण्याला देऊन जातो. कारखान्यातला बॉयलर याच तत्त्वावर चालतो. आजोबांना ते माहीत नसेल, तांबटाला पक्कं माहीत होतं.

पण लाकूड विकत न घेता रानातून आणलं, तर? तर पैशाचा रकाना शून्य आणि दुसरा रकाना उघडतो. कोणी आणलं, किती तास गेले, धूर कोणाच्या छातीत गेला. त्या रकान्यात बहुतेक वेळा एका बाईचं नाव असतं. मी फक्त एवढंच म्हणतो की शून्य लिहिताना तो रकाना कोरा सोडू नये.

बेंगळुरूच्या मंडळींना या सगळ्याचं काही वाटत नसेल. तिथे गच्चीगच्चीवर सौर बंब आहेत. १०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापलं की दिवसाला ४ युनिट उष्णता फुकट. वर्षात ३०० दिवस ऊन धरलं तर १,२०० युनिट. गच्ची स्वतःची असेल तर याच्या जवळपास दुसरं काही येत नाही. फ्लॅटवाल्यांची गच्ची सोसायटीची असते, तिथे गणित नाही, सभा लागते.

आता काकूंच्या ब्लोअरकडे वळू. इथे एक गैरसमज मला मुळापासून उपटायचा आहे. "ऑइल हीटर वीज खात नाही." वीज खाणारा प्रत्येक हीटर, मग तो लाल सळ्यांचा असो, ब्लोअर असो, तेल भरलेला असो, एका युनिटातून ८६० किलोकॅलरीच देतो. एकही जास्त देऊ शकत नाही, एकही कमी देत नाही, कारण सगळी वीज शेवटी उष्णताच होते. तेल जळत नसतं, ते फक्त सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. ऑइल हीटरचं बिल कमी आलं असेल तर त्याचा थर्मोस्टॅट मधेमधे तो बंद करतो म्हणून. आवाज नाही, कपडा पडला तर पेटायची भीती कमी, हे गुण खरे आहेत आणि दम्याच्या माणसाला ते हवेतच. पण दुकानात "बचत" म्हणून जी जास्तीची रक्कम घेतात, ती बचत विजेत नाही.

मग युनिटाला ८६० च्या वर काही मिळतच नाही का? मिळतं. पण त्यासाठी उष्णता तयार करणं सोडून ती वाहून आणावी लागते.

तुमच्या फ्रिजच्या मागे हात धरा. गरम लागतं. ती उष्णता आतल्या भाजीची, दुधाची आहे. फ्रिजने ती आतून उचलून मागे टाकली. एसीही तेच करतो, खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हेच यंत्र उलटं फिरवलं तर ते बाहेरच्या हवेतली उष्णता उचलून खोलीत आणतं. बाहेर ७ अंश थंडी असली तरी त्या हवेत उष्णता असतेच, आपल्याला ती जाणवत नाही इतकंच. गरम-थंड एसी म्हणतात तो हाच. एक युनिट वीज हमाली म्हणून द्यायची आणि तीन युनिट उष्णता घरात घ्यायची. ८ रुपयांची वीज तिथे उष्णतेच्या भावाने २ रुपये ६५ पैशांची होते. गॅसहून स्वस्त, आणि चुलीतल्या लाकडाशी तर तुलनाच नाही.

यात एक जुना तोटा भरून निघतो. आपली बहुतेक वीज कोळशावर तयार होते, आणि कोळशाच्या वीज केंद्रात तीन भाग उष्णता जाळली की वीज मिळते साधारण एक भाग. ती एक भाग वीज आपण हीटरच्या सळईत घालून पुन्हा उष्णता करतो. तीन देऊन एक घेतलं. गरम-थंड एसी एक घेऊन पुन्हा तीन करतो. बॉयलरवर आयुष्य घालवलेल्या माणसाला यात काय समाधान वाटतं, ते सांगून कळायचं नाही.

मर्यादाही आहे. बाहेर जितकी थंडी कडक, तितकी हमाली वाढते. डेहराडून, दिल्ली, चंदीगडला साधा गरम-थंड एसी नीट चालतो. लेहच्या उणे पंधरात साध्या यंत्राच्या बाहेरच्या जाळीवर बर्फ धरतं आणि त्याचा जीव निघतो. तिथे लोक बुखारी पेटवतात, पण लेहजवळच्या फे गावात सेकमोल या संस्थेची शाळा आहे ती बघण्यासारखी. मातीच्या जाड भिंती, दक्षिणेकडे तोंड, काचेतून आत येणारं ऊन दिवसा भिंती पितात आणि रात्री परत देतात. थंडीत खोल्या उबदार ठेवायचं काम तिथे ऊनच करतं.

आता अंगीठी. याबद्दल आवाज थोडा चढला तर माफ करा.

कोळसा खरंच स्वस्त आहे, आणि उघडी शेगडी खोलीत ठेवली तर तिची सगळी उष्णता खोलीतच राहते. पण उष्णतेबरोबर धूरही राहतो, आणि धुरातला जो भाग मारतो त्याला रंग नाही, वास नाही. कार्बन मोनॉक्साइड. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट चिकटतो. निखारे लाल झाले, धूर थांबला की माणसाला वाटतं आता सुरक्षित आहे, दार लावून झोपू या. नेमका तेव्हाच धोका असतो. माणूस गुदमरून उठत नाही, तो झोपेतच राहतो. उत्तर भारतात थंडी पडली की अशी बातमी दर वर्षी येते.

गॅस गिझरचंही तेच. माझ्याच भाच्याचं सांगतो. भाड्याचं घर, छोटं न्हाणीघर, बसवणाऱ्याने गॅस गिझर आतच लावून दिला. झरोका होता, तो थंडी लागते म्हणून पुठ्ठ्याने बंद केलेला. पोरगा अंघोळीला गेला, पंधरा मिनिटं झाली, पाण्याचा आवाज चालू, हाकेला उत्तर नाही. बहिणीने दार फोडायला लावलं म्हणून तो आज आहे. मघाशी गॅस गिझरची बादली मी १४५ च्या भाजकाने काढायला सांगितली. ९०० च्या सिलिंडरवर ती ३ रुपये ६० पैशांना पडते, रॉडपेक्षा रुपयाने स्वस्त. तो गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसणार असेल तरच हा रुपया धरा. आत बसणार असेल तर हिशोबातून ती ओळच खोडा.

गरमाईचं झालं. गारव्याचा हिशोब वेगळा चालतो, कारण गारवा जाळून तयार होत नाही. उष्णतेवर चालणारी थंड करणारी यंत्रं असतात, मी कारखान्यात चालवली आहेत, पण घरात त्यांचं काम नाही. घरात गारवा मिळवायचे मार्ग दोन. उष्णता उचलून बाहेर टाका, नाहीतर पाणी उडवा.

आधी "टन" म्हणजे काय ते बघू, कारण दीड टनाचा एसी दीड टन वजनाचा असतो असं समजणारे मला भेटले आहेत. १८३३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनहून एक जहाज तळ्यातलं बर्फ घेऊन कोलकात्याला आलं. भुशात गुंडाळलेलं बर्फ चार महिने समुद्रावरून. पुढे असा माल ठेवायला चेन्नईत बांधलेली बर्फाची वखार अजून उभी आहे, आज ती विवेकानंदांचं स्मारक म्हणून ओळखतात. त्या काळी गारवा असा वजनाने विकला जायचा, आणि माप तेच राहिलं. २,००० पौंड, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषतं, तो एक टन. तासाला सुमारे ३,०२४ किलोकॅलरी, म्हणजे साडेतीन युनिट. दीड टनाचा एसी तासाला सव्वापाच युनिट उष्णता बाहेर फेकतो, आणि त्यासाठी चांगला इन्व्हर्टर एसी सरासरी एक युनिटाच्या आसपास वीज घेतो. तासाला ८ रुपये.

आता कूलर. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना ५८० किलोकॅलरी उष्णता शोषतं. मोठा कूलर मे महिन्याच्या दुपारी तासाला ८ लिटर पाणी उडवतो. आठ गुणिले ५८०, म्हणजे ४,६४० किलोकॅलरी. भागा टनाने. दीड टन! दीड टनाच्या एसीइतका गारवा, आणि वीज तासाला फक्त ०.१८ युनिट, म्हणजे दीड रुपया. तो सगळा खोलीच्या कामी येत नाही, कारण कूलर बाहेरची हवा आत घेतो आणि ती खिडकीतून निघूनही जाते. तरीही.

म्हणून मी म्हणतो, कूलरचं इंधन वीज नाही, पाणी आहे. जयपूरला टँकरचं पाणी घेणाऱ्या घराने कूलरचा हिशोब लिटरमध्येच करावा. दिवसाला दहा तास चालला की ८० लिटर. वाळ्याचे पडदे भिजवणाऱ्या आपल्या पणज्यांना हे कळत होतं, पाणी ओढायचं त्यांच्याच नशिबी होतं ना.

पण पाणी उडायला हवा कोरडी लागते. ४२ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर कूलरची हवा २७-२८ अंशांपर्यंत उतरते. अंगावर शाल घ्यावीशी वाटते. ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, मुंबईसारखी, तर ती ३० च्या खाली जात नाही, आणि वर दमट. तिथे कूलर म्हणजे पाण्याचा फवारा मारणारा पंखा. म्हणून चेन्नई-कोलकात्याला कूलरची जाहिरात बघून भुलू नये, आणि इंदूर-दिल्लीत एप्रिल ते जून एसी लावणाऱ्याने एकदा कूलर लावून बघावा. दिल्लीत मी स्वतः जूनअखेर कूलर वापरतो. पाऊस लागला की कूलर झाकून ठेवतो आणि एसी लावतो. २४ अंशांवर. एक अंश वर नेला की साधारण ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो सांगतो, आणि वर पंखा फिरत असेल तर २६ अंशांतही झोप लागते. नवा कमी वॅटचा पंखा रात्रभर चालला तरी पाव युनिट खातो.

तारे किती घ्यायचे? एसीवरच्या लेबलवर वर्षाची युनिटं लिहिलेली असतात, ती १,६०० तासांची असतात. हे बारीक अक्षर कोणी वाचत नाही. समजा तीन ताऱ्यांच्या एसीवर १,०५० लिहिलंय आणि पाच ताऱ्यांच्या एसीवर ८००. फरक २५० युनिटांचा, किमतीतला फरक समजा ८,००० रुपये. चेन्नईत एसी वर्षाला ३,००० तास चालत असेल तर फरक ४७० युनिटांचा होतो, म्हणजे पावणेचार हजार रुपये, आणि दोन-सव्वादोन वर्षांत पैसे वसूल. तुम्ही फक्त दोन महिने रात्री लावत असाल, ६०० तास, तर वर्षाला वाचतात साडेसातशे. दहा वर्षांहून जास्त लागतील. अशा घरी तीन तारे घेणारा मूर्ख नसतो. दुकानदार तसं बघतो, बघू द्या.

आता काकूंचा कागद पूर्ण करू. बारा बाय बाराची खोली, सकाळ-संध्याकाळ मिळून सहा तास, तासाला सरासरी एक युनिट उष्णता. दिवसाला ६ युनिट.

ब्लोअर किंवा ऑइल हीटर, दोन्ही सारखेच, रोज ४८ रुपये. महिन्याला १,४४०. गॅसचा हीटर रोज ३० रुपये, महिन्याला ९००, म्हणजे जवळजवळ एक सिलिंडर. पण तो लावायचा तर खिडकी थोडी उघडी ठेवायला हवी, मग उष्णता खिडकीतून जाणार आणि सिलिंडर महिना पुरणार नाही. शिवाय एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ खोलीत सुटते. भिंतीला ओल, ओलीला बुरशी, आणि घरात दमा. गरम-थंड एसी रोज २ युनिट वीज, १६ रुपये, महिन्याला ४८०.

तीन महिन्यांच्या थंडीत एसीने ब्लोअरपेक्षा २,९०० रुपये वाचतात. केवळ थंडीसाठी चाळीस-पंचेचाळीस हजारांचं यंत्र घ्यायचं तर ते पैसे काकूंच्या पेन्शनमधून निघायला पंधरा वर्षं जातील. पण उन्हाळ्यासाठी एसी घ्यायचाच असेल, तर साध्याऐवजी गरम-थंड घेण्याची जी जास्तीची किंमत, ती दोन-तीन थंडीत फिटते. मी त्यांना विचारलं, उन्हाळ्यात घेणार होतात का? म्हणाल्या, दोन वर्षं म्हणतोय, जूनमध्ये ह्यांना फार त्रास होतो. मग मुलगा बरोबर आहे, म्हटलं. आहे तो ब्लोअर ठेवा, वीज गेल्यावर नाही पण एसी बिघडल्यावर उपयोगी पडेल. ऑइल हीटर नको. गॅसचा नको. अंगीठी घरात येऊच देऊ नका, बाईलाही तिच्या घरी दार लावून लावू नको म्हणून सांगा.

आणि तोपर्यंत? तोपर्यंत खोली गरम करण्याआधी माणूस गरम करा. रबराच्या पिशवीत दोन लिटर गरम पाणी भरलं तर ते निवेपर्यंत अंगाला साठ-सत्तर किलोकॅलरी देतं. पिशवी एकदा तापवायचा खर्च रुपया-दीड रुपया. काश्मिरी माणूस फिरनच्या आत कांगडी धरून बसतो तेव्हा तो हाच हिशोब करत असतो, फक्त पिशवीत निखारे नसतात. रात्री विजेचं ब्लँकेट १०० वॅटचं असलं तरी आठ तासांना ०.८ युनिट, साडेसहा रुपये. जाड पडदा लावा. आणि दाराखाली फट आहे का बघा.

चार दिवसांनी काकूंचा फोन आला. दाराखाली दोन बोटं फट निघाली. जुन्या साडीची गुंडाळी करून ठेवली आहे, ब्लोअर आता तासाभरानं बंद करतात. एसीसाठी मुलगा दिवाळीच्या सवलतीची वाट बघतोय. बाईने अंगीठी अंगणात ठेवली का, ते मी विचारलं. म्हणाल्या, "तिच्या खोलीला अंगणच नाही हो. एक खिडकी आहे, ती मी तिला उघडी ठेवायला लावलीय, आणि आमच्याकडचं एक ब्लँकेट दिलंय."